चौकडीची वही आणि वाढणारा ॲरे: सदाशिव पेठेतल्या एका छोट्या क्लासबद्दल

खूप दिवस हा रिव्ह्यू लिहायचा होता, आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून बसलेच लिहायला. मी भोसरी एमआयडीसीत टेस्टिंग मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, शिक्षण ईएनटीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), प्रोग्रॅमिंग जेवढं कामाला लागलं तेवढं शिकत गेले. मशीनशेजारी ठेवलेल्या पीसीवर जो प्रोग्रॅम चालतो, म्हणजे सेन्सरचं रीडिंग घेणं, ग्राफ दाखवणं, पास की रिजेक्ट ते ठरवणं, तो मी बघते. हा क्लास मी केला तो फक्त एका विषयासाठी, ॲरे (म्हणजे मेमरीत ओळीने नंबर ठेवायची जागा) आणि मेमरी, त्यातही आकार वाढणारा डायनॅमिक ॲरे. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर भरतो. नाव-पत्ता इथे टाकत नाहीये कारण सरांनीच सांगितलंय की घरातला क्लास आहे, दहा माणसं बसतात, ओळखीतून येणारेच पुरे. पण तिथे कसं शिकवतात हे लिहायलाच पाहिजे, म्हणजे तुम्ही दुसरीकडे कुठे चौकशी केलीत तरी काय विचारायचं ते कळेल.

आधी मी का गेले ते सांगते. आमच्या एका मशीनवर 90 सेकंदांची प्रेशर टेस्ट चालायची, सेकंदाला 10 रीडिंग, म्हणजे 900 रीडिंग. आधीच्या माणसाने सी भाषेत 1000 चा ॲरे घेऊन ठेवलेला, 100 ची जागा शिल्लक, चाललं होतं व्यवस्थित. मग कस्टमर म्हणाला टेस्ट 2 मिनिटांची करा. मी सेटिंगमध्ये 90 चे 120 केले आणि मशीन पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन, की चांगले पार्ट रिजेक्ट होतायत. आम्ही सेन्सर बदलला, केबल बदलली, अर्थिंग तपासलं, दोन दिवस गेले. शेवटी ग्राफकडे बघता बघता लक्षात आलं की गडबड नेहमी 100 सेकंदांनंतरच होते. म्हणजे 1001 वं रीडिंग. ॲरे संपला होता आणि प्रोग्रॅम पुढच्या मेमरीत लिहीत सुटला होता, आणि त्या पुढच्या मेमरीत नेमकं लिमिटचं व्हेरिएबल बसलं होतं, त्यामुळे पार्ट चांगला असला तरी ज्या लिमिटशी तुलना होत होती ते लिमिटच पुसलं गेलं होतं. प्रोग्रॅम बंद पडला नाही, एरर आली नाही, काहीच नाही. सीमध्ये ॲरेच्या बाहेर लिहिलं तर कोणी अडवत नाही हे मी कॉलेजात परीक्षेत लिहिलेलं वाक्य, पण त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

1000 चे 5000 करून ती वेळ निभावली. पण मला ते मनातून पटलं नव्हतं, उद्या कोणी 10 मिनिटांची टेस्ट मागितली की परत तेच. म्हणून क्लास शोधायला लागले. आधी एका मोठ्या क्लासला महिनाभर जाऊन आले, तिथे व्याख्या लिहून द्यायचे आणि इंटरव्ह्यूला विचारतात त्या प्रश्नांची यादी. सी प्लस प्लसमधला व्हेक्टर म्हणजे डायनॅमिक ॲरे, पुश बॅक (शेवटी नवा नंबर टाकणं) केलं की आपोआप वाढतो, पुढचा टॉपिक. मी विचारलं आपोआप म्हणजे कसा, तर म्हणे ते कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बघतो. पैसे गेले ते गेलेच. शिवाय आमच्यासारख्यांची आणखी एक अडचण, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी आणि पुण्यातल्या बहुतेक बॅच शनिवार-रविवारी. या सरांची गुरुवारची बॅच आहे म्हणून कंपनीतल्याच एकाने सुचवलं आणि मी गेले. कासारवाडीला मेट्रोत बसायचं, मंडईला उतरायचं आणि शनिपाराकडून चालत, दारात.

पहिल्या दिवशी सरांनी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही. सगळ्यांनी चौकडीची वही आणायची, पाचवी-सहावीत गणिताला असते ती, आणि शिसपेन्सिल. वहीतला एक चौकोन म्हणजे एका नंबरची जागा. समासात पत्ता लिहायचा, डबल (दशांश आकड्यांचा प्रकार) असेल तर 8 बाइट, म्हणून पहिला चौकोन 1000, दुसरा 1008, तिसरा 1016, असं. मग सर विचारायचे, "सांगा, 37 नंबरचं रीडिंग कुठल्या पत्त्यावर?" आणि आम्ही 37 गुणिले 8 अधिक 1000 करून 1296 सांगायचो. बॅचमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी विचारलं की मोजणी शून्यापासून का, तर सर म्हणाले, "तुम्हीच पहिल्याचा पत्ता काढून बघा." शून्य गुणिले 8 अधिक 1000. झालं, उत्तर मिळालं. ॲरेत कुठलंही रीडिंग एका झटक्यात का सापडतं, लाखावं असलं तरी, हे मला तेव्हा पहिल्यांदा आतून समजलं. सगळे चौकोन शेजारी शेजारी आणि सारख्या मापाचे असतात म्हणून.

आणि हेच शेजारी शेजारी असणं हीच खरी अडचण आहे, हे तिसऱ्या गुरुवारी कळलं. तो दिवस मी विसरणार नाही, त्यासाठीच पाच स्टार देतेय.

सर म्हणाले वहीत चार चौकोन काढा, चार नंबर भरा. आता पाचवा आला. पाचव्या चौकोनात आधीच दुसरं कोणीतरी बसलंय, तिथे फुली मारा. काय कराल? तर वहीत दुसरीकडे मोठी मोकळी जागा शोधायची, तिथे नवीन चौकोन आखायचे, जुने चारही नंबर एकेक करून तिकडे लिहायचे, पाचवा भरायचा आणि जुन्या चौकोनांवर काट मारायची. डायनॅमिक ॲरे वाढतो म्हणजे हेच. तो जागेवर फुगत नाही, तो घर बदलतो. (रीॲलॉक, म्हणजे घेतलेली जागा मोठी करून मागायचं सीमधलं फंक्शन, त्याला पुढे मोकळी जागा मिळाली तर तो जागेवरही वाढवून देतो, पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही हे सर तीनतीनदा सांगतात.)

मग खरा सराव. अर्ध्या लोकांनी दर वेळी एकच चौकोन वाढवायचा, अर्ध्यांनी दर वेळी दुप्पट करायचे, 16 नंबर होईपर्यंत, आणि किती वेळा नंबर परत लिहावा लागला ते समासात रेघा मारून मोजायचं. मी एकेक वाढवणाऱ्यांत होते. हात दुखायला लागला. सोळावा नंबर भरेपर्यंत माझ्या 120 रेघा झाल्या. माझ्या शेजारी सेकंड इयरचा एक मुलगा बसायचा, तो दुप्पटवाला, त्याच्या रेघा किती तर 15. एक, दोन, चार, आठ, संपलं. तो म्हणाला, "ताई, माझं केव्हाच झालं, तुम्हाला मदत करू का?" तेवढ्यात सरांनी फळ्यावर माझं मशीन घेतलं, 1200 रीडिंग. एकेक वाढवत गेलं तर 7,19,400 वेळा कॉपी. दुप्पट करत गेलं तर 2047 वेळा. मधेच कोणीतरी म्हणालं, एकेक नको, दहा-दहाने वाढवूया की, तर तेही करून बघितलं, 1000 नंबरांना 49,500 कॉपी, म्हणजे दहापट कमी झालं खरं पण डेटा वाढला की परत तसंच फुगत जातं. गुणाकाराने वाढवलं तरच हिशोब आवाक्यात राहतो, दुप्पट केलं तर एका नंबरमागे सरासरी दोनच्या आत कॉपी. ज्या ज्या पुस्तकात अमॉर्टाइज्ड कॉस्ट (सगळ्या वेळांवर वाटून आलेला सरासरी खर्च) असं लिहिलेलं मी वाचलं होतं ते सगळं त्या 120 आणि 15 रेघांमध्ये होतं.

चौथ्या गुरुवारी सीमध्ये तेच हाताने लिहायला लावलं, मॅलॉक (जागा मागणं), रीॲलॉक, फ्री (जागा परत देणं). इथे सर कडक आहेत आणि तसंच पाहिजे. रीॲलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घेतलं तर ओरडतात, कारण जागा मिळाली नाही तर रीॲलॉक नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत देतो, जुनी जागा तशीच शाबूत असते पण तिचा पत्ता तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेला असतो. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्यायचं, नल नाही ना बघायचं, मग मूळ पॉइंटरला द्यायचं. आमच्या बॅचमध्ये दहापैकी सहा जणांनी साइझऑफने (एका नंबरला किती बाइट लागतात त्याने) गुणलंच नव्हतं, म्हणजे 1200 नंबरांऐवजी 1200 बाइट मागितले, त्यात मावतात 150 रीडिंग. सरांनी उत्तर सांगितलं नाही, त्यांच्या लिनक्सवर वालग्रिंडखाली (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) प्रोग्रॅम चालवला आणि कुठल्या ओळीत बाहेर लिहिलं गेलं ते ज्याचं त्याला वाचायला लावलं.

एवढं सगळं झाल्यावर मग कुठे व्हेक्टर. सी प्लस प्लसमध्ये तो 1998 च्या पहिल्या स्टँडर्डपासून (भाषेच्या अधिकृत नियमांपासून) आहे, म्हणजे नवीन काहीच नाही, पण हाताने एकदा बांधल्यावर त्याच्याकडे बघायची नजर बदलते. साइज म्हणजे किती नंबर भरलेत, कपॅसिटी म्हणजे किती चौकोन आखून ठेवलेत. या दोन शब्दांतला फरक मला वहीमुळे शिकवावाच लागला नाही. घरी येऊन मी प्रत्येक पुश बॅकनंतर कपॅसिटी छापून बघितली तर 1, 2, 3, 4, 6, 9, 13, 19 असे आकडे आले, दुप्पट नाहीतच. मला वाटलं माझं चुकलं. पुढच्या वेळी सरांना दाखवलं तर ते इतके खूश झाले, म्हणाले, "अहो, हे तुम्ही स्वतः करून बघितलंत ना, मग आज यावरच बोलू." माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, तो दीडपट वाढवतो, सरांकडे जीसीसी, तो दुप्पट करतो. किती पट ते स्टँडर्ड ठरवून देत नाही. दीडपट का, तेही वहीतच दाखवलं. दुप्पट करत गेलं तर सोडून दिलेले जुने चौकोन 1, 2, 4 आणि अजून न सोडलेले 8 धरले तरी 15 होतात आणि तुम्हाला हवे असतात सलग 16, म्हणजे जुनी जागा एकत्र केली तरी कधीच पुरत नाही, दर वेळी एकाने कमी. दीडपटीत कधी ना कधी ती परत वापरता येऊ शकते. मोबदल्यात घर जास्त वेळा बदलावं लागतं. त्या सेकंड इयरच्या मुलाने तिथेच लॅपटॉपवर पायथनची लिस्ट तपासली, रिकामी लिस्ट 56 बाइट, एक टाकला की 88, चौथ्यापर्यंत 88 च, पाचवा टाकला की 120. म्हणजे पायथनही पुढचे काही चौकोन आधीच आखून ठेवतो, फक्त बोलून दाखवत नाही. जावाची ॲरेलिस्ट दीडपट वाढते. सगळीकडे तीच वही.

आता दोन चुका सांगते ज्या मी स्वतः केल्या आणि क्लासमुळे सापडल्या, या कोणालाही होतील. पहिली, रिझर्व आणि रीसाइज. कंपनीतला प्रोग्रॅम व्हेक्टरवर आणताना मी विचार केला, 1200 रीडिंग येणारच आहेत तर आधीच जागा घेऊन ठेवू, आणि रीसाइज 1200 लिहिलं, मग लूपमध्ये पुश बॅक. ग्राफ विचित्र, सुरुवातीला सपाट रेघ, आणि सरासरी प्रेशर नेहमीच्या निम्मं. सरांना फोनवर एवढंच सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर निम्मं येतंय का? मग निम्मे शून्य आहेत. वहीत काढून बघा." काढलं. रीसाइज नुसते चौकोन आखत नाही, ते शून्याने भरून टाकतो, आणि माझी 1200 रीडिंग त्याच्या पुढे जाऊन बसत होती, एकूण 2400. मला हवं होतं रिझर्व, म्हणजे चौकोन आखून ठेव, भरू नको. एका शब्दाचा फरक.

दुसरी जास्त वाईट. सगळ्यात जास्त प्रेशर कुठे आलं ते लक्षात ठेवायला मी त्या रीडिंगचा पॉइंटर ठेवला होता. कधी बरोबर यायचं, कधी भलताच आकडा. वहीत आम्ही पॉइंटर म्हणजे पेन्सिलीने बाण काढायचो, आणि घर बदलल्यावर सर मुद्दाम विचारायचे, "बाण कुठे दाखवतोय आता?" बाण काट मारलेल्या चौकोनाकडे. व्हेक्टरने घर बदललं की जुने पॉइंटर, रेफरन्स, इटरेटर (हेही बाणासारखेच) सगळे बाद, आणि तुम्हाला कोणी कळवत नाही. मी पॉइंटर काढून नंबर ठेवला, म्हणजे कितवं रीडिंग ते. घर कुठेही जाऊ दे, 37 वं ते 37 वंच राहतं.

आता आमचं मशीन असं चालतं की सेटिंगमधून सेकंद वाचायचे, दहाने गुणायचं, तेवढं रिझर्व करायचं आणि मग टेस्ट सुरू, म्हणजे टेस्ट चालू असताना घर बदलायची वेळच येत नाही. पार्ट बदलला की क्लिअर, क्लिअरने नंबर जातात पण आखलेले चौकोन राहतात, पुढच्या पार्टला तीच जागा. कस्टमरने नंतर खरंच 10 मिनिटांची टेस्ट मागितली, 6000 रीडिंग. मी एक आकडा बदलला. आम्ही आधीचे 5000 ठेवले असते तर परत तोच फोन आला असता.

न आवडलेलंही लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. जिना लाकडी आणि खूप उभा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचार करा, ते बँकेतले काका दर वेळी मधे थांबायचे. गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने किंवा बसनेच या. सर्टिफिकेट मिळत नाही, रेकॉर्डिंग नाही, एक गुरुवार चुकला की चुकला, मग कोणाची तरी वही बघून भरून काढायचं. आणि शेवटचा गुरुवार फार घाईत गेला. दोन मितींचा ॲरे, म्हणजे व्हेक्टरच्या आत व्हेक्टर, तो अर्ध्या तासात उरकला, खरं तर तिथे प्रत्येक ओळ मेमरीत वेगळ्या ठिकाणी असते, सलग नसते, हे वहीत काढून घ्यायला अजून एक पूर्ण दिवस हवा होता. मी सरांना तसं सांगितलं, त्यांनी मान्य केलं, पुढच्या बॅचला नऊ गुरुवार करणार म्हणाले. मधे घालणं आणि मधून काढणं हेही भरभर झालं, पण ते अवघड नाही, पुढचे सगळे सरकवावे लागतात एवढं कळलं की पुरे.

फी साडेसहा हजार, आठ गुरुवार, प्रत्येक वेळी अडीच तास म्हणतात पण तीन होतातच. ज्यांना नोकरीसाठी झटपट प्रश्न-उत्तरं पाठ करायची आहेत त्यांनी येऊ नका, वेळ जाईल. ज्यांचा कोड कुठेतरी खऱ्या मशीनवर चालतो, किंवा ज्यांना कॉलेजात मेमरी कोणी नीट समजावलीच नाही, त्यांनी असा क्लास शोधा, आणि चौकशी करताना एकच विचारा, व्हेक्टर शिकवायच्या आधी तो हाताने बांधून घेता का. हो म्हणाले तर जा.

आमच्या सरांची पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, ओळखीतल्या कोणाला हवं असेल तर मला सांगा, मी सरांना विचारून कळवते. वही अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळेल, फक्त मोठ्या चौकडीची घ्या, लहान चौकडीत चार आकडी पत्ता मावत नाही.